साडेबाराचा बॅकप

मंडळी, आधी एक कबुली देतो. या ग्रुपवरचे अनुभव मी तीन-चार वर्षं वाचतोय, पण घाबरायला नाही, चुका काढायला. 'आणि अचानक लाईट गेली...' असं कुणी लिहिलं की मी मनात म्हणायचो, बाबा रे, लाईट गेल्याच्या पोस्टी आम्ही बीडवाल्यांनी टाकायला घेतल्या तर ग्रुप बंद पडेल. करणी, चकवा, लागिर यातलं मी काहीच कधी मानलं नाही. आईनं दारावर बांधलेल्या लिंबाचं मी एकदा सरबत करून प्यायलोय, आणि मला ढिम्म काही झालेलं नाही.

त्यामुळे हे लिहिताना मला माझीच लाज वाटतेय. पण घरात सांगता येत नाही, आणि जिथं घडलं तिथं तर अजिबातच नाही. का ते शेवटी कळेल. माणसांची नावं बदलली आहेत.

माझं काम कॉम्प्युटरचं. राहतो बीडला, आणि जिल्ह्यातल्या शाळा-दवाखान्यांचे सर्व्हर सांभाळतो. त्यातला एक दवाखाना वडवणीत आहे. एका ट्रस्टचा, नाव लिहीत नाही. त्याचीच छोटी शाखा धारूरला, घाट चढून वर. वडवणीच्या दवाखान्यात जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी तिथं झाडू-बादल्या असायच्या, आता सर्व्हर आणि झाडू-बादल्या असतात.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरनं तयार केलेली तीन वेगळी मशिनं चालतात. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. त्यातल्या एका मशीनमध्ये दवाखान्याच्या सगळ्या पेशंटच्या फाईली. या मशीनची अख्खी नक्कल रोज नेटवर्कवरच्या एका स्टोरेज बॉक्समध्ये जाते — बॉक्स म्हणजे हार्ड डिस्क भरलेला लोखंडी डबा — आणि तिथून धारूरच्या सर्व्हरवर. म्हणजे उद्या वडवणीचा सर्व्हर जळला तरी धारूरला तेच मशीन उठवून काम सुरू करता येतं. हाच बॅकप. रात्रीच्या लाईटचा भरवसा नाही म्हणून तो आम्ही दुपारी साडेबाराला लावलेला. तेव्हा ओपीडी जेवायला थांबते.

आता एकच बारकावा. लग्नात ग्रुप फोटो काढताना फोटोग्राफर 'हलू नका' म्हणतो, तसा बॅकप सुरू होताना फाईलींच्या सॉफ्टवेअरला म्हणतो, दोन मिनिटं सगळ्या फाईली मिटून शांत बसा. एखादी जरी फाईल कुणी लिहिण्यासाठी उघडून ठेवली असेल, तर सॉफ्टवेअर नाही म्हणतं आणि बॅकप फेल होतो. मला लाल अक्षरातला मेल येतो.

दसरा झाला, टोळ्या ऊसतोडीला गेल्या, गावं निम्मी रिकामी झाली, आणि त्याच आठवड्यात मला रोज लाल मेल यायला लागला.

पहिले चार दिवस मी बीडमधूनच हात मारले. मग गाडी काढून वडवणीला गेलो. केबल बदलली. स्विच, म्हणजे सगळ्या केबली जिथं जोडलेल्या असतात ती पेटी, तोही बदलला. स्टोरेज बॉक्समध्ये जागा भरपूर होती, परवानग्या ठीक होत्या, दोन्ही सर्व्हरची घड्याळं जुळत होती. सर्व्हर रीस्टार्ट केला. वेळ बदलून सकाळी अकराला लावला, तर ओपीडी अशी मंदावली की डॉक्टर मॅडम स्वतः जिन्याखाली आल्या. दुपारी तीनला लावला, तरी फेल. फाईली न मिटवता तशीच नक्कल ओढून पाहिली, ती धारूरला पोचलीसुद्धा. मी घाट चढून तिकडे गेलो, मशीन उठवलं, आणि फाईलींचं सॉफ्टवेअर उघडेचना. म्हणजे तो बॅकप असून नसल्यासारखा.

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, रोज एकच ओळ. 'एक फाईल वापरात आहे.' फाईलचा नंबर. आणि ती ज्या कॉम्प्युटरवरून उघडली त्याचं नाव — रेकॉर्ड-वन.

रेकॉर्ड-वन नावाचा कॉम्प्युटर दवाखान्यात नाही. होता. मागच्या पावसाळ्यात वीज पडली त्यात एक डिस्क, राउटर आणि रेकॉर्ड रूममधला तो कॉम्प्युटर गेला. मीच तो उघडून त्यातलं चालेल ते काढून घेतलं. जळका मदरबोर्ड माझ्या बीडच्या कपाटात पडून होता. मला वाटलं, नव्या कॉम्प्युटरला कुणी चुकून तेच नाव दिलंय. पण प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक नंबर मिळालेला असतो, आणि लॉगमध्ये तोही होता. घरी येऊन कपाट उघडलं, जळक्या बोर्डावरचं स्टिकर पुसलं आणि नंबर ताडून पाहिला. तोच होता. आकडा न आकडा.

मी तेव्हाही घाबरलो नाही, खरं सांगतो. चिडलो. कुणीतरी माझी मजा घेतंय असं वाटलं.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पुण्याला फोन लावला. ते म्हणाले, फाईल ज्या मशीनवरून उघडली तिथूनच मिटते, नाहीतर चोवीस तासांनी तिच्यावरचं कुलूप आपोआप गळतं. म्हटलं, गळत का नाही मग? त्यांनी तपासून सांगितलं, "सर, रोज बारा अठ्ठावीसच्या सुमारास तुमच्याकडचं कुणीतरी ते नवं करतंय." मी रेकॉर्ड-वनचं नाव परवानगीच्या यादीतून काढलं. तो नंबर स्विचवर बंद केला. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली बसून घड्याळाकडे बघत राहिलो. बारा अठ्ठावीसला कुलूप नवं झालं. रेकॉर्ड रूममध्ये तेव्हा कुणीच नव्हतं, दाराला बाहेरून कडी होती.

डॉक्टर मॅडम शांत बाई आहेत, पण त्या दिवशी म्हणाल्या, "पुन्हा वीज पडली तर मी बायकांच्या फाईली कुठून आणू? इथल्या निम्म्या बाळंतिणी उसाच्या फडातून येतात. त्यांच्याजवळ कागद उरत नाही. त्यांचं रक्त कुठलं, आधी काय झालं, हे फक्त त्या मशीनमध्ये आहे." मी मान खाली घालून ऐकलं, कारण बरोबर होतं.

मग फाईलच्या नंबरावरून नाव काढलं. मनीषा. वय तेवीस, वडवणीजवळच्या एका वस्तीवरची. माहेर-सासर दोन्हीकडे शेरडं-मेंढरं, आणि हंगामात कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जायचं. पहिलं बाळ दोन वर्षांपूर्वी तिकडेच, फडावर असताना गेलेलं. आता पाचवा महिना. फाईलमध्ये शेवटची नोंद दसऱ्याच्या आधीची.

रेकॉर्ड-वनवर तिची फाईल कोण उघडणार? त्या कॉम्प्युटरवर आयुष्यात एकच माणूस बसलेलं — कौसल्यामावशी. रेकॉर्ड रूमच्या क्लार्क. कागदी फाईलींच्या काळापासून होत्या, वीज पडली त्याच महिन्यात रिटायर झाल्या. माझं त्यांच्याशी कायम भांडण. त्या कधीच लॉगआऊट करायच्या नाहीत, दहा-वीस फाईली उघड्याच. मी ओरडायचो, त्या म्हणायच्या, "तुमी तुमचं मशीन सांबाळा, मी माजी मानसं सांबाळते."

मला खात्री पटली की मावशींच्या घरी एखादा लॅपटॉप आहे आणि कुण्या भाच्यानं त्यांना सॉफ्टवेअर जोडून दिलंय. रंगेहाथ पकडायचं म्हणून मी सव्वाबाराला त्यांच्या दारात हजर. स्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्या आहेत त्यांच्या. मुलगा पुण्याला, मालक वारलेले. मावशी जेवत होत्या.

"ये की भैय्या. कावून उनाचा आलास? भाकर खातो का?"

मी सरळ विचारलं, "मावशी, घरात कॉम्प्युटर कुठे आहे?"

त्या हसल्याच. "कम्प्यूटर? माज्याकडं ह्यो एक बटनाचा फोन हाय, त्यातली बी दोन बटनं गेल्यात. आट आन् नऊ लागंना, म्हनून मला पोराला फोन लावता येत न्हाई, त्यालाच लावावा लागतो."

दोन खोल्या. मी निर्लज्जासारखा दोन्हीत डोकावलो. कॉम्प्युटर नव्हता, वाय-फाय नव्हतं, पंखासुद्धा एकच. मावशींनी हात धुतला, पदराला पुसला आणि म्हणाल्या, "बस. माजी हजेरी तेवडी ऱ्हायली."

कोनाड्यातून एक वही काढली. भिंतीला टेकून बसल्या, वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि साध्या आवाजात, दवाखान्यात पुकारायच्या तसं, मनीषाचं पूर्ण नाव वाचलं. वस्तीचं नाव, गावाचं नाव. मग डोळे मिटले. बोट तसंच नावावर.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा अठ्ठावीस. सहा मिनिटांनी खिशातला मोबाईल थरथरला. लाल मेल.

मी मावशींपुढे मांडी घालून बसलो आणि हे काय आहे ते विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. कागदी फाईलींना नाडी असायची. घर ऊसतोडीला निघालं की त्या घराच्या फाईलींची नाडी मावशी सोडून ठेवायच्या आणि फाईल खिडकीजवळच्या फळीवर. गुढीपाडव्याच्या आसपास माणसं परत आली, दवाखान्यात तोंड दाखवून गेली, की मग गाठ मारायची. तोवर रोज जेवणाच्या सुट्टीत, रांग थांबली की, त्या फळीवरची नावं एकदा वाचून काढायची. कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच वर्षी एक बाई तिकडून आली नाही, आणि तिच्या फाईलीला मावशींनी आधीच गाठ मारून ठेवली होती. ते त्यांना लागून राहिलं. "मानूस घरी आलं न्हाई तर गाठ कावून मारायची? तवापासून न्हाई मारली." कॉम्प्युटर आल्यावर नाडी गेली, म्हणून त्या फाईलच उघडी ठेवायच्या. मी ज्याच्यावरून भांडायचो ते हे होतं.

"आता तर तुम्ही रिटायर झालात," मी म्हणालो.

"झाले की. नवा क्लार्क कशाला करील ह्ये? मी बी सोडून दिलतं समदं. पर मनीषा आली. ट्रक भरून उभा, मुकादम बोंबलतोय, आन् ही पळत आली गल्लीत. म्हनली, मावशी, गेल्या खेपंला तुमी नव्हता, सुट्टीवर होता, कुनी माजी फाईल उघडी ठिवली न्हाई, आन् माजं लेकरू गेलं. ह्या टायमाला ठिवा. म्हनलं, माजं मशीन जळलं गं बाई. तर म्हनली, मशीन नसू द्या, तुमी ठिवा." मावशींनी वही माझ्यापुढे केली. "मंग काय करू? वहीत लिवलं. येकच नाव हाय. रोज घेते."

मला त्यांना सगळं सांगावंच लागलं. बॅकप म्हणजे काय, रोज फेल का होतोय, जळकं मशीन, बारा अठ्ठावीस. मला वाटलं त्या घाबरतील किंवा मला वेड्यात काढतील. त्या म्हणाल्या, "आसंल." बस. चहा ठेवायला उठल्या.

आणि इथं, मंडळी, मी जे केलं ते माझ्या स्वभावाला धरूनच केलं. मी मोजमाप करणारा माणूस. एखादी गोष्ट दुसरीमुळे होते असं वाटलं की पहिली बंद करून बघायची, आमच्या धंद्यात हेच शिकवतात. दोन दिवस मी विचार केला. योगायोग असेल तर एका दिवसात सिद्ध होईल, माझं डोकं ठिकाणावर येईल, आणि मॅडमचा बॅकप हा वेगळा प्रश्न म्हणून सोडवता येईल. मी पुन्हा मावशींकडे गेलो.

"मावशी, उद्या एक दिवस हजेरी घेऊ नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कावून?"

"बघायचंय. फक्त उद्या. परवापासून पुन्हा घ्या."

"तुज्या मशीनसाटी पोरीचं नाव टाकू?"

"माझ्यासाठी नाही. सगळ्या बायकांच्या फाईली आहेत त्यात. मॅडम रोज बोलतात मला. आणि मावशी, तुम्ही शिकलेल्या आहात... एका दिवसानं काय होणार आहे?"

हे शेवटचं वाक्य मी बोललो. आजही ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतं. आंघोळ करताना, गाडी चालवताना, कुठेही.

मावशींनी कोनाड्यातल्या वहीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "उद्या बाजार हाय. घरात बसले तर तोंडातून नाव जाईलच. मी बाजारात जाते, तितं बोलत बसते कुनाशी तरी. पर येकच दिस हां, भैय्या."

दुसऱ्या दिवशी मी जिन्याखाली बसलो होतो. बारा अठ्ठावीस होऊन गेले. बारा तीस. बारा बत्तीस. स्क्रीनवरची पट्टी पुढे सरकायला लागली आणि थांबलीच नाही. बारा एक्केचाळीसला हिरवा मेल आला. दसऱ्यानंतरचा पहिला. एकच्या आत नक्कल धारूरलाही पोचली. तिथल्या सिस्टरला मशीन उठवून बघायला सांगितलं, तर फाईली फटाफट उघडत होत्या. मी डॉक्टर मॅडमना सांगितलं, त्यांनी हात जोडले. मी स्टँडसमोर उभा राहून दोन प्लेट भजी खाल्ली. अंगावर काटा आलेला होता, नाही असं नाही, पण सगळ्यात जास्त मला आनंद झालेला. तीन आठवड्यांचं कोडं सुटलं होतं. मावशी बाजारातच असतील म्हणून मी त्यांना न भेटता बीडला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलंसुरलं काम उरकायला मी दवाखान्यात आलो, तर रेकॉर्ड रूमच्या दारात एक माणूस उभा. तिशीचा, धोतर-बंडी, डोक्याला पटका, डोळे लाल. क्लार्क मला म्हणाला, "सर, यांना फाईलमधला फोटो छापून पाहिजे. बहिणीचा. तुम्ही काढून द्या ना, माझ्याच्यानं मोठा होईना."

"कशासाठी?" मी विचारलं.

"पोलिसात द्यायचाय," तो म्हणाला. "बहीण घावंना झाली. काल दुपारी फडावरच्या कोपीवरून पान्याला गेलती कॅनॉलला. आलीच न्हाई."

मी नाव विचारलं नाही. मला विचारवलं नाही. क्लार्कनंच कागदावर लिहिलेला नंबर पुढे केला.

"दुपारी किती वाजता?" मी म्हणालो.

"दाजी फोनवर म्हनला, भाकरी झाल्यावर. साडेबारा आसतील."

मी कॉम्प्युटरवर बसलो. फाईल एका टिचकीत उघडली. वापरात आहे वगैरे काही नाही. इतके दिवस जी फाईल कुणालाच लिहू देत नव्हती, तिच्यावर आता कुणाचंच कुलूप नव्हतं. फोटोत मनीषा कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कुणाकडे तरी बघून हसत होती. तो फोटो मावशींनीच काढला असणार. मी तो मोठा करून छापला आणि त्या भावाच्या हातात दिला. दिला तरी माझ्या हातून कागद सुटेना, तेव्हा त्यालाच वाटलं मी त्यांच्या ओळखीतला आहे. त्यानं माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाला, "घावंल सायेब. फिकीर करू नगा."

बाराच्या सुमारास मी मावशींच्या गल्लीत गेलो. किती वेळ कोपऱ्यावर उभा होतो कुणास ठाऊक. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच आलेली. त्या वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या, जेवल्या नव्हत्या. मला बघून उठल्या नाहीत. एकच प्रश्न विचारला.

"काल बॅकप झाला का रं?"

त्यांचा चेहरा मी इथं लिहू शकत नाही. एवढंच सांगतो, माझ्या 'हो'वर ती बाई उरलेलं आयुष्य काढणार होती, हे मला त्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"नाही मावशी," मी म्हणालो. "कालही फेलच. तुमच्या हजेरीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मी उगाच तुम्हाला..."

त्यांनी श्वास सोडला. डोळे पुसले. मग माझ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "फेल झाला? म्हंजी मी नाव न्हाई घेतलं तरी फाईल उघडीच व्हती?"

"हो," मी म्हणालो. आता दुसरं काय म्हणणार होतो?

"मंग पोरगी हाय," मावशी म्हणाल्या. वहीवर बोट ठेवलं, आणि हजेरी घेतली.

त्या दिवशी साडेबाराला मी मोबाईल हातात धरून त्यांच्या उंबऱ्यावर बसलो होतो. मी मनातल्या मनात कुणाकुणाला हाका मारल्या ते सांगत नाही. बारा एक्केचाळीसला मेल आला. हिरवा.

त्यानंतर बॅकप आपणहून एकही दिवस चुकलेला नाही. मावशी रोज नाव घेतात, बोट ठेवून, दवाखान्यात पुकारायच्या तसं. लॉगमध्ये रेकॉर्ड-वन पुन्हा आलं नाही. मी परवानगीच्या यादीत ते नाव परत घातलं. स्विचवर नंबर खुला केला. जळका बोर्ड कपाटातून काढून दवाखान्यात नेऊन ठेवला, वीजसुद्धा जोडून बघितली, हसू नका. काही नाही. एकदा मी साडेबाराला स्वतःच्या हातानं स्टोरेज बॉक्सची केबल उपटली, का तर मावशी भेटल्या की विचारतात, आणि त्या दिवशी तरी त्यांना फेल म्हणताना खोटं बोलावं लागू नये. लाल मेल आला. कारण लिहिलं होतं, 'नेटवर्क तुटले.' मी केबल परत खोचली.

पोलिसांना कॅनॉलच्या कडेला तिची कळशी मिळाली, भरलेली. बाकी काही नाही. पाण्यात शोधलं, फडात शोधलं, आजूबाजूच्या गावांत फोटो लावले. नवऱ्यावर आधी संशय घेतला, मग सोडला. पाडवा झाला, टोळ्या परत आल्या. तो एकटाच ट्रकमधून उतरला.

पुण्याचे सॉफ्टवेअरवाले म्हणतात, जुनं सेशन अडकलं असेल, ते त्या दिवशी योगायोगानं गळलं. असेल. ग्रुपवर माझ्या धंद्यातले कुणी असतील तर त्यांनी जरूर सांगावं की जळलेल्या कार्डाचा नंबर नेटवर्कवर कसा दिसतो, आणि बंद केलेला नंबर रोज ठरल्या मिनिटाला कसा आत येतो. मी सगळे लॉग जपून ठेवलेत. मी महिनोन् महिने त्यांच्यावर डोकं आपटलंय आणि मला उत्तर मिळालेलं नाही. आणि खरं विचाराल तर मला भीती उत्तर न मिळण्याची नाही. मी त्या दिवशी मावशींना मनीषाला सोडायला लावलं का, एवढंच मला कुणीतरी नाही म्हणून सांगावं असं वाटतं. सांगणारं कुणी नाही. ज्या एका बाईला विचारता येईल, तिला विचारायचं म्हणजे आधी खरं सांगावं लागेल.

मनीषाच्या आईचं नाव पारूबाई. दर बाजारच्या दिवशी शेरडाचं दूध हॉटेलात घालून ती दवाखान्यात येते. मावशींनीच तिला सांगितलंय, मशीन फेल दावतंय तवर फाईल उघडी हाय, फाईल उघडी हाय तवर पोरगी हाय. मी वडवणीत असलो की ती जिन्याखालच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहते. आत येत नाही. चपला बाहेर काढते.

गेल्या बाजारी आली तेव्हा मी स्क्रीन वळवून भिंतीकडे केली. तिला वाचता येत नाही, तरीही. त्यावर हिरवा रंग होता.

"आज बी फेलच का, सायेब?"

"हो," मी म्हणालो. "आजही फेल."

तिनं मान हलवली. चपला घातल्या. जाता जाता वळली आणि मला हात जोडले.

"तुमी लई हुशार हाव, समदे म्हनत्यात. पर येवडं दुरुस्त करू नगा."

"नाही करत," मी म्हणालो.